पडद्यावरच्या बैठकीत हरवलेला हुंकार

२०२०च्या गणेशोत्सवात अनेक घरांत मखरासमोर एक मोबाइल उभा केलेला होता. करोनामुळे कोणाला कोणाकडे जाता येत नव्हतं. मग आरती व्हिडिओ कॉलवर करायची ठरली. पुण्यातल्या घरात टाळ वाजू लागले, पडद्यावर ठाण्याचे काका-काकू टाळ्या वाजवू लागले, एका चौकटीत नाशिकची आत्या, दुसऱ्या चौकटीत न्यू जर्सीतला भाचा. पहिल्या ओळीपर्यंत सगळं ठीक होतं. दुसऱ्या ओळीला एकेक जण मागे पडू लागला आणि तिसऱ्या ओळीपर्यंत आरतीचा पार विचका झाला. कोणी पुढे, कोणी मागे, टाळ्यांचा नुसता पाऊस. शेवटी कोणीतरी ओरडलं, ‘‘अरे, बाकीच्यांनी म्यूट करा!’’

सगळ्यांनी दोष दिला तो नेटवर्कला. पण नेटवर्क उत्तम असतं तरी आरती जुळली नसती. एकत्र गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांना एकमेकांचा आवाज साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या आत ऐकू यावा लागतो. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हवेतून ध्वनी ३० मिलिसेकंदांत जेमतेम दहा मीटर जातो. म्हणजे देवघरासमोर जमलेल्या माणसांची आरती जुळते, कारण ती सगळी एका खोलीत असतात. नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर ही मर्यादा पाळणं जवळपास अशक्य असतं.

आरती बिघडली तर फारसं काही बिघडत नाही. पण तोच विलंब ऑफिसच्या बैठकीत, शाळेच्या वर्गात, डॉक्टरांच्या तपासणीत असतो. तिथे तो कानाला कळत नाही आणि म्हणून जास्त त्रास देतो.

संभाषणाचं अदृश्य घड्याळ

दोन माणसं बोलत असताना एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत किती वेळ जातो? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजण्यात आल्या. जपानी, डॅनिश, कोरियन, लाओ, इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या या भाषा. जपानी बोलणारे जरा लवकर उत्तर देतात, डॅनिश बोलणारे जरा सावकाश; पण सगळ्यांची सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. डोळ्याची पापणी लवते न लवते इतकाच हा वेळ आहे.

यात एक गंमत आहे. एखादा शब्द मनात शोधून तो तोंडाने उच्चारायला मेंदूला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. मग २०० मिलिसेकंदांत उत्तर येतं कसं? याचं कारण असं की, समोरचा बोलत असतानाच ऐकणारा त्याचं वाक्य कुठे संपेल याचा अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो. आवाजाचा उतार, घेतलेला श्वास, ओठांची हालचाल, वळलेली नजर या सगळ्या खुणांवरून हा अंदाज बांधला जातो. तो बांधल्याचं आपल्याला कळतही नाही.

याच्या जोडीला असतो तो हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणत राहावं लागतं, नाहीतर सांगणाऱ्याचा हुरूप जातो, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला ठाऊक होतं. ‘हं’, ‘बरोबर’, ‘अगंबाई’, ‘मग?’ हे शब्द माहिती देत नाहीत. ‘मी ऐकतोय, तू पुढे बोल’ एवढंच ते सांगतात. पण ते नेमक्या क्षणी यावे लागतात. अर्ध्या सेकंदाने आलेला हुंकार हा हुंकार राहत नाही. तो व्यत्यय होतो.

अमेरिकेतील संशोधकांनी समोरासमोरच्या आणि झूमवरच्या संभाषणांची तुलना केली, तेव्हा समोरासमोर बोलताना एकाकडून दुसऱ्याकडे बोलणं जायला सरासरी १३५ मिलिसेकंद लागत होते आणि पडद्यावर ४८७. म्हणजे तिपटीहून जास्त. विशेष म्हणजे यंत्रणेतला प्रत्यक्ष विलंब यापेक्षा बराच कमी होता. थोड्याशा उशिराने मेंदूचं घड्याळच बिघडतं, अंदाज चुकू लागतात आणि माणसं सावधपणे, थांबून थांबून बोलू लागतात, असं त्यातून दिसलं.

आवाज जातो कसा?

हा विलंब येतो कुठून हे समजायला एका ‘हं’चा प्रवास पाहावा. माइकने टिपलेला आवाज संगणक आकड्यांत बदलतो आणि त्याचे बारीक तुकडे करतो. एक तुकडा बहुधा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला पन्नास तुकडे. प्रत्येक तुकडा आकुंचित करून छोट्या पाकिटात भरला जातो. हे काम करणाऱ्या गणिती पद्धतीला कोडेक म्हणतात. आज अनेक बैठकांमध्ये वापरला जाणारा ‘ओपस’ हा कोडेक २०१२ साली सर्वांसाठी खुलं मानक म्हणून मान्य झाला.

पाकिटं सुटतात ठरावीक अंतराने, पण पोहोचतात पुढेमागे. एसटीच्या गाड्या डेपोतून वेळेवर सुटल्या तरी पुढच्या गावाला दोन एकदम येतात आणि नंतर तासभर एकही येत नाही, तसंच. म्हणून ऐकणाऱ्याच्या यंत्रात एक लहानसा फलाट ठेवलेला असतो. आलेली पाकिटं तिथे क्षणभर थांबवून, क्रमाने लावून मग वाजवली जातात. फलाट मोठा ठेवला तर आवाज सलग येतो, पण उशीर वाढतो. लहान ठेवला तर उशीर कमी होतो, पण आवाज तुटतो. प्रत्येक व्हिडिओ कॉलमध्ये यंत्र क्षणाक्षणाला हा तोल सांभाळत असतं.

एखादं पाकीट वेळेत आलंच नाही तर? ईमेलमध्ये हरवलेला भाग पुन्हा मागवता येतो. बोलण्यात तेवढी सवड अनेकदा नसते. गेलेला क्षण नंतर येऊन उपयोगाचा नसतो. म्हणून यंत्र आधीच्या आवाजावरून अंदाज करतं आणि भोक बुजवतं. दोन-तीन पाकिटं गेली तर कळतही नाही. जास्त गेली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा किंवा यंत्रमानवासारखा ऐकू येतो.

शिवाय अंतर आहेच. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर धरलं तरी एका बाजूने ६० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. समुद्राखालची केबल सरळ जात नाही, वाटेत यंत्रं असतात. त्यामुळे वेळ वाढत जातो. ब्लूटूथ हेडफोन लावला तर त्याची भर निराळी. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी एक मोजपट्टी दिली आहे. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांपर्यंत असेल तर बहुतेकांना त्रास होत नाही. ४०० मिलिसेकंदांच्या वर तो जाऊ नये. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत बोललं तर नुसत्या जाण्यातच पाव सेकंद मोडतो. परदेशातल्या वार्ताहराला स्टुडिओतून प्रश्न विचारल्यावर तो काही क्षण नुसता मान हलवत उभा दिसायचा, त्यामागे हेच कारण असे.

दोघांचं वेगळं, दहांचं वेगळं

दोघांचा कॉल सोपा असतो. माणसं वाढली की गणित झपाट्याने बदलतं. दहा जणांच्या बैठकीत प्रत्येकाने इतर नऊ जणांना आपला आवाज आणि चित्र थेट पाठवायचं म्हटलं तर ९० प्रवाह होतात. घरचं इंटरनेट त्याखाली दबून जाईल. म्हणून मध्ये एक संगणक बसवतात. प्रत्येक जण आपलं चित्र एकदाच, पण लहान-मोठ्या दोन-तीन आकारांत त्याच्याकडे पाठवतो. मधला संगणक पोस्टमनसारखा ते वाटतो. ज्याच्या पडद्यावर तुमची चौकट मोठी आहे त्याला मोठं चित्र, ज्याच्याकडे टिकलीएवढी आहे त्याला लहान. आवाजाच्या बाबतीत बहुधा सगळ्यांचे आवाज पुढे पाठवले जातच नाहीत. ज्या काही मोजक्या जणांचा आवाज त्या क्षणी मोठा आहे तेवढेच पाठवले जातात.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. तुमचा आवाज समोरच्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि परत तुमच्याकडे येतो. स्वतःचा आवाज २०० मिलिसेकंदांच्या आसपास उशिराने ऐकू आला की चांगला बोलणारा माणूसही अडखळतो, हे मानसशास्त्रज्ञांना १९५०पासून माहीत आहे. म्हणून यंत्र स्पीकरमधून काय बाहेर पडलं याची नोंद ठेवतं आणि माइकमध्ये आलेल्या आवाजातून तेवढं वजा करतं. हे गणित एक जण बोलत असताना उत्तम चालतं. दोघं एकदम बोलले की ते गोंधळतं आणि कोणाचा तरी आवाज दाबला जातो. दाबला जातो तो बहुधा हळू बोलणाऱ्याचा. हुंकाराचा पहिला बळी इथे जातो.

तिसरी गोष्ट गोंगाट गाळण्याची. पंख्याची घरघर, मिक्सरचा आवाज, रस्त्यावरचे हॉर्न गाळून फक्त माणसाचं बोलणं पुढे पाठवायचं हे यंत्राला शिकवलेलं असतं. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ते समजतं. करोनाकाळात ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या अनेक गुरूंना याचा अनुभव आला. शिष्याच्या घरी तानपुरा सुरू असायचा, पण गुरूंना तो ऐकूच यायचा नाही. यंत्राने त्याला पंखा समजून गाळलेलं असायचं. लांब लावलेला ‘सा’सुद्धा मध्येच विरून जायचा. त्यासाठी काही अ‍ॅपमध्ये ‘मूळ आवाज’ ठेवण्याची वेगळी सोय आहे, ती सुरू करावी लागते.

चित्राचं जुनं वेड

एवढं सगळं आवाजावर अवलंबून असताना गेली जवळपास नव्वद वर्षं तंत्रज्ञांनी आणि कंपन्यांनी भुरळ घातली ती चित्राची. १९३६ साली जर्मनीत बर्लिन आणि लाइपझिग या शहरांमध्ये लोकांसाठी चित्र-दूरध्वनीची सेवा सुरू झाली होती. १९४०मध्ये, युद्धकाळात ती बंद पडली. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात अमेरिकेच्या बेल कंपनीने ‘पिक्चरफोन’ दाखवला. लोक रांगा लावून तो पाहायला आले. त्यानंतर न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन इथे त्याची बूथ उघडली. तीन मिनिटांना १६ ते २७ डॉलर पडत. त्या काळी ही रक्कम एवढी होती की बूथ ओस पडली. १९७०मध्ये पिट्सबर्गमध्ये ही सेवा कार्यालयांना देऊ केली, तीही चालली नाही.

इंटरनेटवरची समूह-बैठक मात्र आवाजापासून सुरू झाली. मार्च १९९२मध्ये सॅन दिएगो इथे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांची सभा होती. तिचा आवाज इंटरनेटवरून तीन खंडांतल्या २० ठिकाणी एकाच वेळी थेट पोहोचवला गेला. चित्र नव्हतं. तरी लोकांनी ती सभा ऐकली, कारण काय चाललं आहे ते कळत होतं.

ही घटना आजही उपयोगी धडा देते. बैठकीतलं चित्र गोठलं तरी बैठक चालू राहते. आवाज तुटला की सगळे एकसुरात म्हणतात, ‘‘तुमचा आवाज येत नाही.’’ गंमत म्हणजे आवाजाला लागते ती चित्राच्या मानाने नगण्य जागा. स्पष्ट बोलण्यासाठी सेकंदाला ३० किलोबिट पुरतात. बऱ्या चित्राला त्याच्या तीस-चाळीस पट लागतात. म्हणूनच नेटवर्क कमी पडलं की चांगली यंत्रणा आधी चित्राचा दर्जा उतरवते, आवाजाला हात लावत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसांसाठी चित्र हाच आवाज असतो. सेकंदाला निदान वीस-पंचवीस चित्रं आली नाहीत तर बोटांच्या हालचाली तुटतात आणि वाक्यच हरवतं. ज्यांना कमी ऐकू येतं, तेही बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून बरंच समजून घेतात. त्यांच्यासाठी कॅमेरा बंद करणं म्हणजे तोंडावर हात ठेवून बोलणं.

दोष यंत्राचा, ठपका माणसावर

विलंबाचा खरा धोका वेगळाच आहे. तो आपल्याला विलंब म्हणून जाणवत नाही. समोरच्याचा स्वभाव म्हणून जाणवतो. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी फोनवरच्या संभाषणात मुद्दाम विलंब घातला आणि नंतर बोलणाऱ्यांना एकमेकांबद्दल विचारलं. विलंब १.२ सेकंदांपर्यंत वाढला तेव्हा पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा वाटू लागला. विलंब यंत्राने घातला होता. गुण कमी झाले माणसाचे. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

आवाजाच्या दर्जाचंही तेच. २०१८च्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांच्या त्याच भाषणांचा आवाज काही श्रोत्यांना स्वच्छ आणि काहींना खराब करून ऐकवला. शब्द तेच होते, तरी खराब आवाज ऐकलेल्या श्रोत्यांना संशोधन कमी महत्त्वाचं आणि शास्त्रज्ञ कमी सक्षम वाटला. २०२५मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी असंच दाखवलं की, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या आवाजात बोलणारा उमेदवार ऐकणाऱ्यांना कमी हुशार आणि नोकरीसाठी कमी योग्य वाटतो.

याचा अर्थ आपल्याकडे काय होतो हे वेगळं सांगायला नको. शहरातल्या शांत खोलीत चांगला माइक लावून मुलाखत देणारा आणि गावी पत्र्याच्या छपराखाली, जेमतेम येणाऱ्या नेटवर्कवर, स्वस्त मोबाइलवरून मुलाखत देणारा या दोघांची उत्तरं सारखीच असली तरी ती सारखी ऐकू येत नाहीत. आणि ऐकणाऱ्याला आपण माणसाला गुण देतोय की माइकला, हे कळत नाही.

थकवा कशाचा?

दिवसभर एका जागी बसून, कुठेही न जाता, माणूस संध्याकाळी गळून कसा जातो, हा प्रश्न २०२०मध्ये घरोघरी पडला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये त्याची चार कारणं मांडली. पहिलं, पडद्यावर चेहरे फार जवळ आणि सतत आपल्याकडे रोखून पाहणारे दिसतात. प्रत्यक्षात इतक्या जवळून आपण फक्त अगदी जवळच्या माणसाकडे किंवा भांडणात पाहतो. दुसरं, नेहमी आपोआप होणाऱ्या खुणा मुद्दाम कराव्या लागतात, जसं जोरात मान हलवणं. तिसरं, स्वतःचा चेहरा सतत समोर राहतो. कोणी दिवसभर आरसा धरून पुढे उभं राहावं, तसं. चौथं, कॅमेऱ्याच्या चौकटीत राहायचं म्हणून हालचाल खुंटते.

त्याच विद्यापीठाने दहा हजारांहून अधिक लोकांच्या केलेल्या पाहणीत फार किंवा अतिशय थकवा सांगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सातात एक निघालं, पुरुषांचं विसात एक. स्वतःचा चेहरा सतत दिसण्याचा ताण हे त्यामागचं एक मोठं कारण दिसलं. दुसऱ्या एका अभ्यासात १०३ कर्मचाऱ्यांना चार आठवड्यांपैकी काही काळ कॅमेरा सुरू आणि काही काळ बंद ठेवायला सांगितलं. कॅमेरा सुरू असलेल्या दिवशी थकवा जास्त होता. स्त्रिया आणि नव्याने नोकरीला लागलेले यांच्यात तो आणखी जास्त. आणि थकलेली माणसं बैठकीत बोलतही कमी होती. म्हणजे सहभाग दिसावा म्हणून कॅमेऱ्याची सक्ती करायची आणि त्यातूनच सहभाग घटवायचा.

हा थकवा नुसता मनाचा खेळ नाही. ऑस्ट्रियातील संशोधकांनी ३५ विद्यार्थ्यांच्या मेंदूच्या लहरी आणि हृदयाची गती मोजली. ५० मिनिटांचं तेच व्याख्यान वर्गात ऐकणाऱ्यांपेक्षा पडद्यावर ऐकणाऱ्यांमध्ये थकव्याच्या खुणा स्पष्ट जास्त दिसल्या. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे, पण त्याची दिशा बाकीच्या निष्कर्षांशी जुळणारी आहे.

जिथे ही बैठक जीव वाचवते

एवढं वाचून पडद्यावरची बैठक म्हणजे नुसती कटकट, असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. ती नीट आखली तर काय होऊ शकतं, याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात आहे. तिथे अल्बुकर्की शहरात डॉ. संजीव अरोरा हे यकृतविकारतज्ज्ञ हेपटायटिस सीच्या रुग्णांवर उपचार करत. राज्य मोठं, वस्ती विरळ, तज्ज्ञ मोजके. रुग्णाला भेटीसाठी आठ-आठ महिने थांबावं लागे. २००३मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. रुग्णाला शहरात आणण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा दूरसंवादाने एकत्र बसवायचं. प्रत्येकाने आपल्या रुग्णाची माहिती नाव न सांगता मांडायची, तज्ज्ञांनी आणि इतरांनी त्यावर बोलायचं, जोडीला एक छोटं व्याख्यान.

२०११मध्ये याचे निकाल प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या दवाखान्यात आणि गावांतल्या व तुरुंगांतल्या २१ केंद्रांवर मिळून ४०७ रुग्णांवर उपचार झाले होते. विद्यापीठात ५७.५ टक्के बरे झाले आणि केंद्रांवर ५८.२ टक्के. गावच्या डॉक्टरांनी तज्ज्ञांची बरोबरी केली होती. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपल्याकडे बेंगळूरुच्या निम्हान्सने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी ती वापरली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातही गुंतागुंतीच्या रुग्णांवर देशभरातले तज्ज्ञ ऑनलाइन एकत्र येऊन चर्चा करतात.

भारतात याची मुळं जुनी आहेत. इस्रोने २००१पासून उपग्रहाद्वारे दूरच्या रुग्णालयांना शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली. २००३मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, परदेशातल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. २०१९मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेने फेब्रुवारी २०२३पर्यंत १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला होता. या सेवेत उपकेंद्रावर रुग्णाशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि पडद्यावर दूरचे डॉक्टर असतात. म्हणजे तिघांची बैठक.

आता विलंबाकडे पुन्हा पाहा. समजा, डॉक्टर विचारतात, ‘‘आजी, छातीत दुखतं का?’’ प्रश्न पोहोचायला अर्धा सेकंद, आजींनी विचार करायला एक, उत्तर परत यायला अर्धा. डॉक्टरांना दोन सेकंदांची शांतता ऐकू येते. आजींना ऐकू आलं नसेल, असं समजून ते पुढचा प्रश्न टाकतात, ‘‘दम लागतो का?’’ तेवढ्यात ‘‘हो’’ येतं. हे ‘हो’ कोणत्या प्रश्नाचं? छातीच्या की दम्याच्या? दोनदा असं झालं की आजी बोलणंच सोडतात आणि ‘रुग्ण माहिती देत नाही’ असा समज होतो. अशा वेळी शेजारी बसलेल्या आरोग्य अधिकाऱ्याने ‘‘आजी म्हणतायत की छातीत दुखतं, दम लागत नाही’’ असं पूर्ण वाक्यात सांगणं, हे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचं असतं.

काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. खर्च करायचाच तर आधी माइकवर करावा, कॅमेऱ्यावर नंतर. वायरचे साधे इअरफोनही प्रतिध्वनी थांबवतात आणि ब्लूटूथचा उशीर वाचवतात. महत्त्वाच्या बोलण्याला शक्य तर राउटरच्या जवळ बसावं. नेटवर्क कमी पडत असेल तर आपलं चित्र बंद करावं. आवाजाला जागा मिळते. स्वतःची चौकट लपवण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती वापरावी. इतरांना आपण दिसतोच. लांब बैठकीत मध्ये पाच मिनिटं उठून फिरावं.

बैठक चालवणाऱ्याची जबाबदारी जास्त. प्रश्न हवेत न सोडता नाव घेऊन विचारावा: ‘‘सुनीताताई, तुमचं मत?’’ मग मनात तीन आकडे मोजावेत आणि तोवर दुसरं काही बोलू नये. कॅमेऱ्याची सरसकट सक्ती नको. पण कोणाला ओठ पाहून समजून घ्यावं लागत असेल तर बोलणाऱ्याने कॅमेरा सुरू ठेवावा आणि उजेड चेहऱ्यावर येईल असं बसावं. हो-नाहीची उत्तरं महत्त्वाची असतील, तर समोरच्याकडून पूर्ण वाक्यात घ्यावीत. आणि कोणी तुटक, उशिरा किंवा चिरकं बोलत असेल, तर त्याच्याबद्दल मत बनवण्याआधी एकदा विचारावं, ‘‘तुमच्याकडे आवाज नीट येतोय ना?’’

आरतीचा प्रश्नही सुटतो. एका घराने आरती म्हणायची आणि बाकी सगळ्यांनी माइक बंद करून, जे ऐकू येतंय त्याच्याबरोबर आपापल्या घरात म्हणायचं. मग ठाण्यातही ती जुळते, नाशिकलाही आणि न्यू जर्सीतही. फक्त पुण्याच्या घरात इतरांचा आवाज येत नाही. म्हणून आरती संपल्यावर सगळ्यांनी माइक उघडायचे आणि एकेकाने नाव घेऊन बोलायचं. पहिली पाळी सगळ्यांत हळू बोलणाऱ्याची.